घराचा वेळ : एक सामायिक अमानत





कोकणातल्या कोणत्याही घरात जा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली दिनदर्शिका दिसतेच. मूळचे मालवणचे जयंतराव साळगांवकर यांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ जसे शेजारच्या घरात असते, तसे ते आमच्या वैभववाडीतील घरातही आहे. त्यातील राशिभविष्याशी आम्हांला कर्तव्य नाही. पण मोहरम, रमजान आणि दोन्ही ईदच्या तारखा त्यात असतात, आणि तारखांशी आम्हांला पुष्कळच कर्तव्य आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याचा दिवस, बालवाडीची फी, दवाखान्याची तारीख असे सारे त्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ही अक्षरे बहुधा एकाच हातची असतात, घरातील स्त्रीच्या. ती वाचणारी माणसेही आता घरात थोडीच उरली आहेत. कोणी कुवैतला, कोणी मुंबईला, कोणी कोल्हापूरला. भिंत इथे आहे आणि घर मात्र चार ठिकाणी विखुरले आहे.

म्हणून आज मोबाईलवरील सामायिक कॅलेंडरविषयी लिहायचे योजिले आहे. हा विषय धार्मिक मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत असे. एका सकाळी ते वाटणे संपले. ती सकाळ आधी सांगतो, कारण तीत दोष माझा होता.

एक सकाळ

माझ्या वडिलांच्या डोळ्यांची तपासणी कोल्हापुरास ठरली होती. तारीख महिनाभर आधी मिळालेली. पत्नीने ती मला सांगितली, मी ‘हो, इन्शाअल्लाह’ म्हणालो आणि विसरलो. पुढे शेजारच्या गावातून निकाह पढवण्याचे बोलावणे आले. दिवस तोच होता. मी तेही स्वीकारले.

त्या दिवशी फजरची नमाज पढवून घरी आलो, तो अब्बा पडवीत तयार होऊन बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर जुन्या कागदांची पिशवी, हातात चष्म्याचे घर. गगनबावड्याच्या बाजूने ढग उतरले होते. ‘करूळ घाट चालू आहे ना रे, की भुईबावड्यावरून जायचं?’ असे त्यांनी विचारले आणि मला आठवले.

मी कारण सांगितले. ते म्हणाले, ‘राहू दे. निकाह मोडता येत नाही. डोळे काय, आहेतच.’ पिशवी घेऊन ते आत गेले. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. त्या दीड महिन्यात त्यांनी कुरआन शरीफ उघडला की अक्षरे लागत नाहीत म्हणून मिटून ठेवत, हे मी रोज पाहिले.

त्या रात्री मी पत्नीला म्हणालो, ‘तू आठवण करायला हवी होतीस.’ तिने शांतपणे उत्तर दिले, ‘तीन वेळा केली. चौथ्यांदा केली असती, तर मी कटकट करते असं झालं असतं.’

वाचकहो, मी दर शुक्रवारी मिंबरवरून हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, समजावून सांगतो. त्या एका वाक्याने माझ्याच घरातील दोन हक्क बुडाल्याचे मला दाखवले. एक वडिलांचा, जो मी विसरलो. दुसरा पत्नीचा, कारण सहा माणसांच्या घराची सारी आठवण एकटीने वाहण्याचे ओझे मी तिच्यावर टाकले होते आणि विसरल्याचा ठपकाही तिलाच देत होतो.

कोणता शाबान?

इस्लामी इतिहासात एक प्रसंग नमूद आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत राज्य दूरवर पसरले होते. पत्रे येत, पण त्यांवर सालाचा उल्लेख नसे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी याबद्दल तक्रार लिहिल्याचे सांगितले जाते. एका दस्तऐवजावर नुसता ‘शाबान’ लिहिलेला होता. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले की, हा कोणता शाबान? गेला, चालू, की येणारा?

त्यांनी सहाबांना एकत्र बोलावले. कोणी इराणी, कोणी रूमी कालगणना सुचवली. वर्षांची गणना प्रेषित (सल्ल.) यांच्या जन्मापासून करावी, प्रेषितत्वापासून करावी, की निधनापासून, अशी चर्चा झाली आणि शेवटी हिजरत हा प्रारंभ ठरला. या निर्णयामागे हजरत अली (रजि.) यांचा सल्ला होता, असाही उल्लेख आढळतो. हिजरी १७ च्या सुमाराची, म्हणजे इसवी ६३८ च्या आसपासची ही गोष्ट.

यातील दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, आपली दिनदर्शिका एका व्यवहारी अडचणीतून जन्मली. दूर असलेल्या माणसांना एकमेकांची तारीख कळत नव्हती. दुसरी ही की, ती एकट्या खलिफाच्या हुकमाने ठरली नाही, मशवऱ्याने ठरली. ज्यांना ती पाळायची होती त्यांना विचारून ठरली.

आपल्या घरातली अडचण तीच आहे. ‘शुक्रवारी जायचं आहे’ असे एकजण म्हणतो. कोणता शुक्रवार?

वेळेवर कोणाचा हक्क?

पवित्र कुरआनात सूरह अस्रमध्ये अल्लाहने काळाचीच शपथ घेतली आहे आणि माणूस तोट्यात असल्याचे सांगितले आहे. सहीह बुखारीतील हदीसनुसार आरोग्य आणि रिकामा वेळ या अशा दोन देणग्या आहेत, ज्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक नुकसानीत राहतात. हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. परंतु ‘माझा वेळ’ हा शब्दप्रयोग आपण ज्या सहजतेने करतो, तेवढा तो वेळ केवळ आपला असतो का?

हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग बुखारीत आहे. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा आणि रात्री नमाज यांत इतके गढलेले, की पत्नीकडे लक्ष उरले नव्हते. सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले की, पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या देहाचा आहे आणि घरच्या माणसांचाही आहे, ज्याचा त्याला द्या. हे प्रेषित (सल्ल.) यांच्या कानी गेले, तेव्हा सलमान खरे बोलले असे त्यांनी सांगितले. विचार करा, तिथे तर इबादत इबादतीच्या आड येत होती. आपल्याकडे बहुधा मोबाईलच मोबाईलच्या आड येतो.

हजरत आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले की, प्रेषित (सल्ल.) घरी काय करत? त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. म्हणजे घरकामाचा वेळ आणि नमाजचा वेळ दोन्ही ठरलेले होते; एकाने दुसऱ्याला गिळले नव्हते.

आणि मशवरा? सूरह शूराच्या ३८ व्या आयतीत ईमानधारकांचे व्यवहार आपसांतील सल्लामसलतीने चालतात असे वर्णन आहे. आपण हे राज्यकारभाराला लावतो. मात्र सूरह बकराची २३३ वी आयत पाहा. तान्ह्या मुलाचे दूध सोडवण्यासारखी बाब, आणि तीही आईवडिलांनी परस्परांच्या संमतीने व सल्ल्याने ठरवावी असे तिथे सांगितले आहे. जिथे बाळाच्या दुधासाठी मशवरा आहे, तिथे वडिलांच्या दवाखान्यासाठी, मुलीच्या परीक्षेसाठी, सासरी-माहेरी जाण्यासाठी तो कसा नसेल?

हे कसे करावे

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आम्ही जे केले तेच सांगतो. साधन कोणतेही चालेल.

बहुतेकांच्या फोनमध्ये गूगल कॅलेंडर आधीच असते. त्यात ‘घर’ या नावाचे एक स्वतंत्र कॅलेंडर तयार करावे आणि घरातील प्रत्येकाच्या ईमेल खात्याला त्यात सामील करून घ्यावे. संगणकावर हे लवकर होते. घरातील कॉलेजात जाणारे मूल पंधरा मिनिटांत करून देईल. गूगलच्या ‘फॅमिली ग्रुप’मध्ये सहा जणांपर्यंत कुटुंब जोडता येते आणि त्यांचे सामायिक कॅलेंडर आपोआप बनते. प्रत्येकाला कोणता अधिकार द्यायचा, नुसते पाहण्याचा की नोंद करण्याचाही, हे ठरवता येते. माझा आग्रह असा की, घरातील मोठ्या माणसांना, आणि पत्नीला तर नक्कीच, नोंद करण्याचा अधिकार असावा. कर्त्या पुरुषाने लिहायचे आणि बाकीच्यांनी वाचायचे, हा मशवरा नव्हे.

कुवैत, कतार आणि सौदी अरेबिया भारतापेक्षा अडीच तास मागे आहेत, तर दुबई आणि मस्कत दीड तास. कॅलेंडरात इथल्या वेळेने केलेली नोंद तिथल्या फोनवर तिथल्या वेळेने दिसते. माझा भाऊ कुवैतला असतो. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. आम्ही शुक्रवारी इशानंतर, रात्री साडेआठला, वीस मिनिटे बसतो; तिथे तेव्हा सहा वाजलेले असतात. येणाऱ्या आठवड्यात कोणाचे काय आहे ते एकजण मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचणे महत्त्वाचे, कारण अम्मीला फोनवरचे वाचता येत नाही आणि अब्बांना दिसत नाही. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा हक्क कॅलेंडरमुळे कमी होता कामा नये. ठरलेले सारे मग माझी मुलगी भिंतीवरच्या कालनिर्णयातही लिहिते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क कधी जातील याचा नेम नसतो. भिंत कुठे जात नाही.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असाव्यात : काय आहे, कोण जाणार आणि सूचना किती आधी वाजावी. दवाखान्याची सूचना आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. ईदला किंवा मे महिन्यात मुंबईहून वैभववाडी रोडला यायचे, तर ती सूचना प्रवासाच्या नव्हे, आरक्षणाच्या दिवशी हवी. ‘कोण जाणार’ हे मात्र सर्वांत आधी लिहावे. आमच्या घरी नेमके तेच लिहिलेले नव्हते.

देण्याघेण्याच्या तारखाही लिहाव्यात. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे कर्ज, लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे आणि लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही बजावले आहे. भावाकडून घेतलेले उसने, पत्नीच्या महरपैकी राहिलेली रक्कम, बचत गटाचा हप्ता, यांची मुदत नोंदलेली असावी. बुखारी व मुस्लिममधील हदीस अशी की, ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत. आपण उद्या नसू, तर घरच्यांना आपले देणे कोठे सापडेल, याचा विचार हाही ईमानाचाच भाग आहे.

चंद्र आणि कॅलेंडर

इथे एक सावधगिरी हवी. सूरह बकराच्या १८९ व्या आयतीत चंद्रकोरींना लोकांसाठी व हजसाठी वेळेची खूण म्हटले आहे. आपले रोजे, ईद, हज, इद्दत आणि जकात यांचे वर्ष चंद्राचे आहे. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणजे इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. भारतात पहिला रोजा २०२४ साली १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. फोनमधील ‘दरवर्षी’ ही पुनरावृत्ती मात्र इंग्रजी तारखेने चालते.

याचा सर्वांत मोठा फटका जकातीला बसतो. एखाद्याने ‘दर १५ मार्चला जकात’ अशी नोंद करून ठेवली, तर ३२ इंग्रजी वर्षांत त्याची जकात ३२ वेळा निघेल. पण तेवढ्या काळात चंद्राची ३३ वर्षे झालेली असतात. एका संपूर्ण वर्षाची जकात, गरिबाचा चाळिसावा हिस्सा, राहून जाईल आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून ज्या दिवशी तुम्ही निसाबाचे धनी झालात ती हिजरी तारीख लिहावी आणि दरवर्षी नवी इंग्रजी तारीख काढून नोंद पुढे न्यावी. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये हिजरी तारीख सोबत दाखवण्याची सोय आहे, ती सुरू करावी.

पण त्या तारखेवर रोजा वा ईद ठरवू नये. ती गणिताने मांडलेली असते आणि एखाद्या दिवसाने चुकू शकते. चंद्र पाहून रोजे सुरू करावेत, चंद्र पाहून ईद करावी आणि आभाळ असेल तर तीस पूर्ण करावेत, ही प्रेषित (सल्ल.) यांची शिकवण आहे. २०२५ साली कुवैतमध्ये ईदुल फित्र ३० मार्चला झाली, आपल्याकडे ३१ मार्चला. एकाच घराच्या दोन ईद झाल्या आणि कॅलेंडरातही दोन नोंदी झाल्या. त्यात भांडण्यासारखे काही नाही.

आणखी एक. आपला दिवस मगरिबला सुरू होतो, फोनचा मध्यरात्री. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्रीची नोंद करताना ती सव्विसाव्या रोजाच्या संध्याकाळी येते, हे ध्यानात ठेवावे. नमाजच्या वेळाही घड्याळाच्या एका काट्यावर थांबत नाहीत. आपल्याकडे मगरिब थंडीत सहाच्या सुमारास असते, तर पावसाळ्याच्या तोंडावर सातच्या पुढे जाते. नमाज ठरलेल्या वेळी फर्ज आहे, असे सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत सांगितले आहे. म्हणून आधी नमाज, मग तिच्या अवतीभोवती बाकीची कामे. ‘जुहरनंतर निघू’, ‘असरला भेटू’ ही आपल्या वाडवडिलांची भाषा कॅलेंडरातही तशीच ठेवावी.

पाळत नव्हे

आता एक इशारा, विशेषतः पुरुषांसाठी. सामायिक कॅलेंडर हे पाळत ठेवण्याचे साधन नाही. पत्नी कोठे गेली, किती वाजता परतली, सून माहेरी किती दिवस राहिली, हे जाब विचारण्यासाठी त्याचा उपयोग कोणी करील, तर तो एका भल्या गोष्टीतून गुनाह कमावील. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशय घेण्यास आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टी शोधत फिरण्यास मनाई आहे. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत तर घरातील मुलांनीही फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीत आणि इशानंतर परवानगीशिवाय आत येऊ नये, असे सांगितले आहे. घराच्या आत, घरच्यांपासूनही, प्रत्येकाचा एक आडोसा अल्लाहने राखला आहे.

म्हणून प्रत्येकाचे स्वतःचे खासगी कॅलेंडर वेगळे असावे. हजरत आयशा (रजि.) आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये पूर्ण करीत, असे हदीसमध्ये आहे. असे राहिलेले रोजे मोजून ठेवणे उत्तम. पण ती नोंद त्या भगिनीची आणि अल्लाहची आहे, ती घरच्या कॅलेंडरात मागू नये. तेच आजाराच्या तपशिलाचे, तेच गुप्त सदक्याचे. ‘या वेळी मी मोकळी नाही’ एवढे पुरते. आणि हे कॅलेंडर सार्वजनिक करू नये; घर कोणत्या दिवशी रिकामे असेल हे जगाला सांगण्याचे कारण नाही.

इन्शाअल्लाहचा अर्थ

शेवटी त्या शब्दाकडे येतो, जो मी त्या महिन्यात इतक्या सहज उच्चारला होता. सूरह कहफच्या २३ आणि २४ व्या आयतींत शिकवण आहे की, उद्या मी अमुक करीन असे म्हणताना अल्लाहची इच्छा असेल तर, हे जोडावे. आणि विसर पडला तर पालनकर्त्याचे स्मरण करावे. इन्शाअल्लाह हा वचन पक्के करणाऱ्या दासाचा नम्र शब्द आहे. आपण त्याला टाळाटाळीचा शब्द केले. आमच्याकडे ‘इन्शाअल्लाह’ म्हटले की काम होणार नाही असे मुले समजतात, यापरता त्या शब्दाचा अवमान कोणता? तिरमिजीतील हदीसमध्ये उंट आधी बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे. नोंद करणे म्हणजे उंट बांधणे. मग इन्शाअल्लाह म्हणावे.

कॅलेंडर लावले म्हणून घर सुधारत नाही. सूचना वाजते आणि माणूस ती बोटाने बाजूला सारू शकतो. मीही सारली आहे. पण आता ‘मला कोणी सांगितले नाही’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही आणि पत्नीला चौथ्यांदा आठवण करावी लागत नाही. अब्बांची दुसरी तारीख मी चुकवली नाही. परत येताना घाटात त्यांनी गाडी थांबवायला लावली, असरची नमाज आम्ही बापलेकांनी रस्त्याकडेला एकत्र अदा केली. नव्या चष्म्यातून खालचे खोरे पाहात ते म्हणाले, ‘पुढची तारीख कधीची?’ मी फोन काढण्यापूर्वीच त्यांनी स्वतःच ती सांगितली. शुक्रवारी वाचलेली त्यांच्या लक्षात होती.

या शुक्रवारी इशानंतर आपणही घरच्यांना घेऊन वीस मिनिटे बसावे, एवढीच विनंती. पहिली नोंद आईवडिलांची करावी.

हे अल्लाह, आमच्या वेळेत बरकत दे. ज्यांचे हक्क आम्ही विसरलो त्यांची मने आमच्याविषयी मऊ कर आणि ते अदा करण्याची सवड दे. दूर असलेल्यांना सुखरूप ठेव. ज्या नोंदवहीत लहानमोठे काहीच सुटत नाही, ती ज्या दिवशी आमच्यासमोर उघडली जाईल, त्या दिवशी आम्हांला आमच्या घरच्यांसमोर लज्जित करू नकोस. आमीन.